कडेतली ठिणगी: पॉइंट टू टूची काडतुसं निवडायची कशी, टिकवायची कशी

एप्रिल संपत आला की नेमबाजीच्या रेंजवर एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो जालना जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांनी विचारला. त्यांची लेक एनसीसीत असताना रायफल हातात धरायला शिकली, मग आमच्याकडं सरावाला येऊ लागली आणि आता पन्नास मीटरच्या स्पर्धांत उतरते. परवाना झाला, रायफल आली, आता तिची पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंच जाडीच्या गोळीची, काडतुसं घ्यायची होती. वडील म्हणाले, "सर, वर्षा-दोन वर्षांचं एकदाच घेऊन ठेवावं का? पुढं मिळंल न मिळंल. भाव बी वाढायलेत म्हणायलेत समदे."

प्रश्न अगदी रास्त आहे. मराठवाड्यातल्या माणसाला साठवण शिकवावी लागत नाही. ज्यानं दुष्काळ पाहिला, २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी येताना पाहिलं, त्याला पुढच्या वर्षाची बेगमी करायची सवय असते. ज्वारी कोठीत कशी भरायची, तूर कधी उन्हात घालायची, सोयाबीनचं बियाणं कसं जपायचं, हे त्याला ठाऊक असतं. काडतूसही काहीसं बियाण्यासारखंच असतं. बाहेरून चांगलं दिसतं, पण आतला जीव शाबूत आहे की नाही हे वेळ आल्यावरच कळतं. म्हणून त्या वडिलांना जे तासभर बसून सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितो. मी पदार्थविज्ञान शिकवलं आणि बरीच वर्षं मुलांना नेम धरायला शिकवतो आहे, त्यामुळं थोडं विज्ञान येईल. पण ते समजलं की साठवणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. बंदुकीला परवाना लागतो तसाच काडतुसांनाही लागतो. एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील, हे दोन्ही आकडे परवान्यावर लिहिलेले असतात. नेमबाजांना मिळणारी मुभा त्यांच्या दर्जाप्रमाणं ठरते. त्यामुळं अमेरिकेतले लोक तळघरात हजारोंनी काडतुसं रचतात तसली "तयारी" इथं करता येत नाही, करायचीही नाही. परवान्यावरच्या आकड्यापेक्षा एक काडतूस जास्त सापडलं तरी तो गुन्हा आहे. इथं तयारीचा अर्थ एवढाच, की जो कायदेशीर साठा तुमच्याकडं आहे तो हंगामभर, गरज पडली तर दोन-चार वर्षं, पहिल्या दिवसासारखा राहावा.

आणखी एक. काही जण रानडुकरांसाठी पॉइंट टू टूचा विचार करतात. हे काडतूस त्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहेच, शिवाय एवढ्याशा गोळीनं डुक्कर मरत नाही. ते जखमी होतं आणि चवताळून माणसावर येतं. हे कागदावर छिद्र पाडायचं काडतूस आहे, आणि त्या कामात त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

पोटात काय असतं

मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी वेगळी टोपी बसवलेली दिसते. चाप ओढला की पुढं येणारी फायरिंग पिन तिच्यावर आदळते, टोपी ठिणगी देते, दारू पेटते. पॉइंट टू टूचं बूड मात्र सपाट आणि कोरं असतं. टोपी कुठं गेली? ती बुडाच्या कडेत आहे. पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, बूड जिथं बाहेरच्या बाजूला दुमडलेलं असतं, त्या दुमडीत आतून पोकळी असते. कारखान्यात ठिणगीचा मसाला ओला असताना पुंगळीत टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात. जातं फिरताना पीठ जसं पाळीच्या कडेला जाऊन पडतं, तसा तो मसाला फिरण्याच्या जोरानं कडेत जाऊन बसतो. मग तो वाळवतात, वर चिमूटभर दारू घालतात आणि तोंडाशी शिशाची गोळी बसवतात.

पिन जेव्हा कडेवर आदळते तेव्हा पितळ चेपतं, मसाला दोन पत्र्यांत चिरडला जातो आणि ठिणगी पडते. पिननं चेपता यावं म्हणून पितळ पातळ आणि मऊ ठेवावं लागतं. पातळ पितळ फार दाब सोसत नाही, म्हणून हे काडतूस ताकदीनं लहान. त्याची कमाल दाबमर्यादा साधारण २४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, मोठ्या रायफलींची याच्या दुपटीहून अधिक. एकदा चेपलेली कड पुन्हा सरळ करता येत नाही, त्यामुळं ही पुंगळी परत भरताही येत नाही.

रचना जुनी आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिरानं घरातल्या दालनात नेमबाजी करण्यासाठी अशी बुटकी काडतुसं बनवली. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं पॉइंट टू टू शॉर्ट आणलं, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं जे "लाँग रायफल" काढलं तेच आज आपण वापरतो. स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेतेपद मिळवलं, ते याच १८८७ च्या काडतुसाच्या वंशजावर. दहा मीटरच्या एअर रायफलीत हे काडतूस नसतं, तिथं हवेचा दाब आणि छर्रा.

या रचनेतच तीन दुखऱ्या जागा आहेत, आणि साठवणीचं सगळं शास्त्र त्यांच्याभोवती फिरतं.

पहिली जागा म्हणजे कड. मसाला कडेच्या सगळ्या घेरात सारखा पसरला नसेल, किंवा एखाद्या ठिकाणी ओल लागून मेला असेल, तर पिन नेमकी तिथं पडली की मिसफायर, म्हणजे चाप ओढूनही काडतूस उडत नाही.

दुसरी म्हणजे गोळी आणि पुंगळीचा सांधा. मोठ्या काडतुसात गोळी पुंगळीच्या आत खोल रुतलेली असते. इथं गोळी आणि पुंगळी बाहेरून एकाच जाडीच्या असतात. गोळीची फक्त बारीक केलेली टाच आत शिरते आणि पुंगळीचा काठ तिच्यावर आवळलेला असतो. बोटांनी जोर लावून पिळलं तर गोळी सैल होते. म्हणजे हे झाकण घट्ट नाही, बाटलीच्या बुचासारखं तर नाहीच. ओल आणि तेल दोघांनाही आत जायला वाट आहे.

तिसरी जागा गोळीवरचं मेण. नळीत शिसं चिकटू नये म्हणून गोळीला मेणाचा किंवा चरबट वंगणाचा पातळ हात दिलेला असतो, आणि तो उघड्यावर असतो. धूळ त्याला चिकटते, उष्णतेनं तो मऊ पडतो. काळ्या मातीच्या, फुफाट्याच्या मुलखात हे लक्षात ठेवायलाच हवं.

घेताना काय पाहायचं

दुकानात खोक्यावर वेगाचे प्रकार लिहिलेले असतात. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगानं सुटते. हाय व्हेलॉसिटीची ३७० ते ३९० मीटरनं. नवख्या माणसाला जास्त वेग म्हणजे चांगला माल वाटतो. कागदावरच्या नेमबाजीत उलट आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो, आपल्या मे महिन्यात ३५५ च्या पुढं जातो. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या पुढं निघते आणि लक्ष्यापर्यंत जाताना वेग मंदावून त्या सीमेतून मागं येते. त्या ओलांडणीत हवेचा दाब तिच्याभोवती डळमळतो आणि गोळी किंचित झोकांडते. स्टँडर्ड गोळी पहिल्यापासून आवाजाच्या मागंच राहते, म्हणून शांत जाते. स्पर्धेची काडतुसं यामुळंच मंद ठेवतात. स्पर्धेची बरीच पिस्तुलंही स्टँडर्ड काडतुसाच्या धक्क्यावर जुळवलेली असतात.

आता सातत्य का महत्त्वाचं, ते एका हिशेबानं पाहा. पन्नास मीटर जायला गोळीला सेकंदाचा जेमतेम सातवा-सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात सेकंदाला फक्त १० मीटरचा फरक पडला तरी हे खाली येणं सात मिलिमीटरनं बदलतं. रायफलीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या गुंडीएवढं. मध्यावर धरलेला नेम सात मिलिमीटरनं वर-खाली झाला की गोळी दहाच्या अगदी काठावर जाते, हात जरासा हलला तरी दहा हातून गेला, आणि मुलगी बिचारी आपला श्वास चुकला म्हणून रडत बसते. महाग काडतुसात तुम्ही पैसे मोजता ते या सातत्याचे.

गोळीचं वजन बहुतेक वेळा ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. बाजारात इंग्लंडचं एली, फिनलंडचं लापुआ, जर्मनीचं एसके आणि आरडब्ल्यूएस ही नावं भेटतात. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही पॉइंट टू टू बनत आलं आहे, आणि सरावाला त्यानं अनेक पिढ्या घडवल्या. कुठलं नाव सर्वांत चांगलं, असं मला कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही, कारण ते तुमची नळी ठरवते. एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेला बनलेला माल, एकाच रायफलीत वेगळे वागतात.

इथं मी त्या वडिलांना सोयाबीनची आठवण दिली. पेरणीआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो आणि सत्तरच्या वर निघाले तरच पेरतो ना? तसंच करायचं. दोन-तीन वेगळ्या लॉटचा एकेक खोका घ्या. रायफल टेकणीवर ठेवून, त्याच दिवशी, त्याच हवेत, प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉट पाचदा मारा. ज्याचं ग्रुपिंग, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, पाचही वेळा लहान आलं तो लॉट तुमचा. एकदाच सुंदर आलेल्या ग्रुपवर भाळू नका, वाईट लॉटसुद्धा एखाद्या वेळी हसरा चेहरा दाखवतो. लॉट ठरला की हंगामाचं सगळं काडतूस त्याच नंबरचं घ्या. दुकानदाराला लॉट नंबर वाचून दाखवायला सांगा, लाजू नका.

घेताना खोक्याचं तोंड उघडून दोन-चार काडतुसं नीट बघा. बुडाची कड कुठं चेपलेली नको, गोळी वाकडी बसलेली नको, पितळ कळकलेलं नको. आणि नावात गोंधळ करू नका. पॉइंट टू टू मॅग्नम हे वेगळं, लांब आणि जाड काडतूस आहे. लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या नळीत ढिलं बसतं, आणि उडवलं तर पातळ पितळ फाटून गरम वायू तोंडाकडं येऊ शकतो.

ऊन, ओल आणि गोठा

माझी स्वतःची एक चूक सांगतो. शिकवायला लागलो त्या काळात सरावाचे काही खोके मी पत्र्याच्या खोलीत ठेवले होते. कपाटाला कुलूप होतं, परवान्याप्रमाणं सगळं व्यवस्थित होतं, म्हणून मला काळजी नव्हती. मे महिना तिथं गेला, मग जून-जुलैची झड तिथंच गेली. ऑगस्टमध्ये तोच लॉट काढला तर पन्नासात चार मिसफायर, आणि उडालेल्यांचं ग्रुपिंग ताटलीएवढं. एप्रिलमध्ये हाच लॉट गुंडीत बसत होता. एका मुलाची निवड चाचणी त्या काडतुसांवर गेली. मला ते अजून बोचतं.

काय झालं होतं? उन्हाळ्यात बाहेर ४३-४४ अंश असले की दुपारी पत्र्याखाली पन्नासच्या आसपास जातं. बंद गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. या उष्णतेत मेण मऊ होऊन खोक्याच्या पुठ्ठ्याला लागतं, एका गोळीवर जास्त राहतं, दुसरी कोरडी पडते. वंगण सारखं नसलं की नळीतलं घर्षण सारखं नसतं, आणि वेग बदलतो. दारूचंही तसंच. बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. तो आपोआप अगदी सावकाश विघटत असतो आणि आम्लधर्मी वायू सोडतो. ते वायू शोषून घ्यायला कारखान्यात आत एक स्थिरक मिसळलेला असतो. स्थिरक संपला की नासण्याचा वेग वाढतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीपेक्षा पन्नास अंशांच्या पत्र्याखाली काडतूस पाच-सहा पट घाईनं म्हातारं होतं. एका उन्हाळ्यानं दारू मरत नाही, पण असे उन्हाळे साचत जातात.

पुढं पाऊस आला. दिवसा तापलेली खोली रात्री निवते, हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा खोक्यात, तिथून त्या सैल सांध्यातून पुंगळीत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते, पुन्हा निवते. काडतूस जणू श्वास घेतं, आणि दर श्वासाला थोडी ओल आत ठेवून घेतं. माझ्या मते मराठवाड्यात नुसत्या उष्णतेपेक्षा ही उलथापालथ जास्त घातक आहे.

म्हणून जागा निवडताना गारव्यापेक्षाही तापमानाच्या स्थिरतेला मान द्या. जुनं माळवदाचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. जाड मातीच्या भिंतीमागं दिवसरात्रीचा फरक फार थोडा पडतो. सिमेंटच्या घरात सगळ्यात आतली, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली घ्या. कपाटाचा खालचा कप्पा वरच्यापेक्षा बरा, कारण गरम हवा वर साचते, पण थेट फरशीवर ठेवू नका, पावसाळ्यात फरशी ओल सोडते. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पंचवीस अंशांच्या खाली आणि पन्नास टक्क्यांच्या आतली आर्द्रता मिळाली तर उत्तम. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा म्हणजे अंदाजावर राहायला नको.

डबा रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा घ्या. काडतुसं मूळ खोक्यातच राहू द्या, त्यावर लॉट नंबर असतो आणि आतल्या खाचांमुळं कडा एकमेकींवर आदळत नाहीत. आता यातली आपल्या मुलखाची खुबी. डबा बंद करताना त्यात जी हवा अडकते, तिची ओलही आत अडकते. जुलैत भरलेला डबा कितीही घट्ट लावा, पाऊस आत कोंडलाच. आपला उन्हाळा मात्र कडक कोरडा असतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे खोली गार असताना डबा भरायचा आणि झाकण लावायचं. जिथं बारा महिने दमट हवा असते तिथल्या लोकांना ही सोय नाही. ती आपल्याला फुकट मिळालेली आहे. आत सिलिका जेलची पुडी टाका. नारिंगी दाणे हिरवट झाले की त्यांनी पोटभर ओल प्यायली असं समजा. ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. धान्यात कडुनिंबाचा पाला घालतो तसा इथं घालू नका, पाल्यातच ओल असते.

फ्रिजचा सल्ला बरेच जण देतात. देऊ नये. घरातल्या फ्रिजला कुलूप नसतं आणि लेकरं तो दिवसातून दहादा उघडतात, एवढं कारण पुरे आहे. शिवाय गार काडतूस दमट हवेत बाहेर काढलं की माठासारखं बाहेरून पाझरतं. एसी खोलीतून पावसाळ्यात रेंजवर नेतानाही डबा न उघडता तासभर तसाच ठेवा, बाहेरच्या हवेशी त्याला जुळू द्या, मग उघडा.

आता गोठ्याबद्दल. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिचं मूळ आपल्याच देशात आहे. इंग्रजांच्या काळात भारतातल्या लष्करी छावण्यांत पावसाळ्यात पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या. घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या मालाचे हाल जास्त. दर पावसाळ्यात व्हायचं, म्हणून इंग्रजीत या दोषाला नावच ऋतूवरून पडलं. पुढं १९२१ मध्ये संशोधकांनी कारण शोधलं. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि हवेतली ओल, ही दोन मिळून, ओढून-ठोकून घडवलेल्या पितळातल्या ताणाच्या जागा फोडतात. कारखान्यांनी पुंगळ्या नंतर तापवून तो ताण काढायला सुरुवात केली आणि दोष खूप कमी झाला. पण अमोनिया आणि पितळाचं वैर संपलेलं नाही. आपल्याकडं घराला लागून गोठा असतो, ओसरीवर युरियाच्या गोण्या असतात, आणि ओल लागलेला युरियाही अमोनिया सोडतो. काडतुसांचं कपाट या दोहोंपासून लांब पाहिजे. फवारणीची औषधं आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्याशेजारीही नको, बॅटरीतून आम्लाची वाफ येते. पितळ चमकवायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो, म्हणून काळवंडलेलं काडतूस पॉलिशनं घासण्याचा मोह आवरा. नुसतं काळवंडणं निरुपद्रवी आहे. हिरवा कळक मात्र वाईट, ते काडतूस बाजूला काढा.

नव्या लाकडी कपाटाचंही बघा. काही लाकडांतून आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटत राहते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. लोखंडी कपाट बरं.

तेल तर अजिबात नको. रायफलीला तेल लावता त्याच हातानं काडतुसं हाताळू नका. गंज सोडवणारं पातळ फवाऱ्याचं तेल सांध्यातून सरपटत आत जातं आणि कडेतला मसाला निकामी करतं.

आणि आदळआपट टाळा. सोयाबीनचं पोतं उंचावरून टाकलं तर दाणा अखंड दिसतो पण उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. काडतुसं पिशवीत मोकळी भरून खड्ड्यांच्या रस्त्यानं नेली तर कडांवर खुणा पडतात, मेण खरवडतं आणि धूळ बसते. मेणाला चिकटलेला वाळूचा कण नळीत गेला की नळीही घासते.

किती आणि कसं मोजायचं

स्पर्धेला साठ शॉट, आधीचे नेम जुळवायचे पंधरा-वीस. म्हणजे एका सरावाला ऐंशी धरा. आठवड्यातून तीन दिवस म्हणजे २४०. परीक्षा, लग्नसराई, सणवार वजा जाता वर्षात चाळीस आठवडे खरे सरावाचे, म्हणजे ९,६००. खोका पन्नासाचा, दहा खोक्यांची वीट पाचशेची. एका विटेचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे जागेचा प्रश्न नसतो, प्रश्न परवान्यावरच्या आकड्याचा असतो. तो आकडा पाहूनच टप्पे पाडा. माझा सल्ला असा की तपासलेल्या लॉटचं तीन-चार महिन्यांचं काडतूस हाताशी असावं. बरंच स्पर्धेचं काडतूस परदेशातून येतं आणि वाहतूक अडली की महिनोन्‌महिने येत नाही. २०२० नंतर अमेरिकेतही पॉइंट टू टूचा तुटवडा झाला होता. तीन-चार महिन्यांची शिल्लक असा धक्का सोसते. त्यापलीकडचं, जोवर तुमची साठवण एक उन्हाळा-पावसाळा पारखून झालेली नाही तोवर, घेऊ नये.

कोठीचा नियम इथंही चालतो. आधी आलेलं आधी वापरायचं. नवा माल मागं, जुना पुढं. एक वही करा. तारीख, लॉट नंबर, किती आले, किती उडाले, किती उरले, मिसफायर किती. ही वही आणि परवान्यावरच्या नोंदी जुळल्या पाहिजेत, तपासणीला कुणी आलं तर वहीच तुमच्या बाजूनं बोलते. दर सहा महिन्यांनी साठ्यातली वीस काडतुसं मारून बघा, म्हणजे बिघाड स्पर्धेच्या आधी कळतो. नीट ठेवलेली कारखान्याची काडतुसं वीस-तीस वर्षांनीही उडतात, हे खरं आहे. पण उडणं वेगळं आणि गुंडीत बसणं वेगळं. स्पर्धेसाठी मी दोन-तीन वर्षांपलीकडचं वापरत नाही, ते सरावाला लावतो.

कुलूप दोन हवीत. रायफल एका ठिकाणी, काडतुसं दुसऱ्या, किल्ली परवानाधारकाच्याच हातात. पाहुणे आले म्हणून दाखवायला काढू नयेत. एवढीशी गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते, म्हणजे गावाच्या या शिवेपासून त्या शिवेपर्यंत. आग लागली तर काय, असं त्या वडिलांनी विचारलं. नळीबाहेर पेटलेलं काडतूस बंदुकीतून सुटल्यासारखी गोळी मारत नाही, कारण दाब कोंडायला नळीच नसते. पुंगळी फुटते आणि तिचे पितळी तुकडे उडतात, डोळ्याला इजा होऊ शकते. अग्निशमन दलाला आत काडतुसं आहेत हे आधी सांगा आणि लांब थांबा.

नाही उडालं तर

चाप ओढला आणि नुसता "टक्" आवाज आला, तर बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) लगेच उघडायचा नाही. नळी टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी ठिणगी उशिरा धरते. मग काडतूस काढून कड बघा. पिनची खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा, उथळ असेल तर रायफलीची पिन किंवा स्प्रिंग तपासून घ्या. प्रशिक्षकाच्या देखरेखीत तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा लावता येतं. पिन कडेच्या दुसऱ्या जागी पडते आणि बऱ्याचदा उडतं. तेव्हाही नाही उडालं तर नाद सोडा.

नेहमीपेक्षा वेगळा, फुसका आवाज आला तर मात्र त्याच क्षणी थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचं काडतूस तिच्यावर उडवलं तर नळी फुगते किंवा फुटते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. पन्नास लोकांच्या रांगेत स्पर्धा चालू असली तरी हात वर करा, रेंज अधिकारी वेळ देतात.

न उडालेली काडतुसं कचऱ्यात, विहिरीत किंवा चुलीत टाकायची नाहीत. क्लबमध्ये त्यासाठी वेगळा डबा असतो. तिथं जमा करा आणि वहीत नोंद करा. क्लब जवळ नसेल तर परवानाधारक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारा. सराव संपला की साबणानं हात-तोंड धुवायचं, मगच डबा उघडायचा. गोळी शिशाची आणि कडेतला मसालाही बहुधा शिशाच्या संयुगाचा असतो, ते बोटांवरून भाकरीवर जातं. लहान भावंडं रिकाम्या पुंगळ्या खेळायला मागतात, त्यांनाही देऊ नयेत.

त्या वडिलांनी शेवटी तीन लॉटचे तीन खोके घेतले. पुढच्या रविवारी सकाळी सातला, वारा उठायच्या आत, लेकीनं दीडशे शॉट टेकणीवरून मारले आणि वडिलांनी प्रत्येक कागदामागं पेन्सिलीनं लॉट नंबर लिहिला. मधला लॉट निवडला गेला. त्याच्या दोन विटा, परवान्यात बसतील तेवढ्याच, घेऊन त्यांनी त्या मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला डब्यात बंद केल्या. डबा आता त्यांच्या जुन्या घरातल्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाटात आहे. युरियाच्या गोण्या त्यांनी ओसरीवरून शेतातल्या आखाड्यावर हलवल्या.